नावाड्याचा घसा

खिळेमास्तरांनी सकाळपासून तिसऱ्यांदा तोच निरोप लिहिला आणि तिसऱ्यांदा खोडला. पहिल्या खेपेला तो फार कडक वाटला, दुसऱ्या खेपेला फार लाचार, आणि तिसऱ्या खेपेला त्यात दोन 'कृपया' आले. शेवटी त्यांनी एवढंच लिहिलं, 'होडीच्या रंगाबद्दलचा वाद आता थांबवावा. होडी हिरवी होती की निळी, हे आपल्यापैकी कुणालाच ठाऊक असणं शक्य नाही. कार्यक्रम रेडिओवरचा होता.'

पाठवून झाल्यावर त्यांना वाटलं, एक 'कृपया' राहू द्यायला हरकत नव्हती.

पुढच्या खोलीतून ताईचा आवाज आला, "चहा निवून पाणी झाला असेल."

"पितो."

"हे तू तासापूर्वीही म्हणालास."

मास्तरांनी कप उचलला, साय बाजूला केली आणि गार चहा औषधासारखा पिऊन टाकला. महिना संपायला नऊ दिवस उरले होते.

प्रकरण असं होतं. पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी 'पलीकडचा काठ' नावाची एक मालिका रेडिओवर रोज संध्याकाळी पावणेसातला लागायची. पंधरा मिनिटांची. एक नदी, एक होडी, एक घोगऱ्या आवाजाचा नावाडी, धक्क्यावर बसणारी तिकीटबाई आणि रोज पलीकडे जाणारी नवी माणसं, एवढाच संसार. नऊ वर्षं ती चालली. पुढं रेडिओ केंद्रानं त्याच टेपांवर दुसरे कार्यक्रम भरले, त्यामुळं नावाड्याचा आवाज आता कुठंच शिल्लक नव्हता. उरला होता तो फक्त ऐकणाऱ्यांच्या कानांत, आणि ते कान म्हातारे होत चालले होते. म्हणून बारा वर्षांपूर्वी काही चाहत्यांनी मिळून या मालिकेचा विकी सुरू केला. ज्याला जे आठवेल ते त्यानं लिहावं, चुकलं तर दुसऱ्यानं दुरुस्त करावं. असं करता करता सहाशे चौदा पानं झाली. काही सुरेख होती, काही भयंकर. एका पानावर तिकीटबाई विधवा होती, दुसऱ्यावर तिचा नवरा पलीकडच्या काठावर दुकान चालवत होता.

आणि मग रेडिओ केंद्राच्या संग्रहालयातून पत्र आलं. टेपा आमच्याकडून गेल्या याची आम्हाला खंत आहे, तुमचा विकी हीच या मालिकेची अधिकृत नोंद म्हणून आम्ही जतन करू इच्छितो. मात्र प्रत्येक पान तपासलेलं असावं. न तपासलेली पानं घेता येणार नाहीत. मुदत महिनाअखेर.

तपासणार कोण, असा प्रश्न निघाल्यावर सगळ्यांनी एका सुरात खिळेमास्तरांकडं बोट दाखवलं. त्यांची चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेली होती. शिशाचे खिळे जुळवून मजकूर उभा करायचा त्या काळापासूनची, म्हणून विकीवरच्या पोरांनी त्यांना हे नाव दिलेलं. 'मी असमर्थ आहे' असं लिहायला ते बसले होते. पण ते वाक्य त्यांना नीट जमेना, आणि जमेपर्यंत 'मास्तर तयार आहेत' असं कुणीतरी जाहीर करून टाकलं होतं.

एकतीस जणांनी हात वर केले. तीन आठवड्यांत बारा उरले. कुणाची परीक्षा आली, कुणाची सून बाळंत झाली, दोघं होडीच्या रंगावरून कायमचे रुसले. मास्तर रोज सकाळी वहीत बारा नावं लिहीत, प्रत्येकापुढं पानांचे आकडे टाकत आणि संध्याकाळी त्यातले निम्मे आकडे उद्याच्या पानावर उतरवत. कुणाला ओरडायचा त्यांचा स्वभाव नव्हता. फार तर ते विचारत, 'काही अडचण आली का?' आणि मग त्या अडचणीची साग्रसंगीत हकिगत वाचत बसत.

तपासायची पद्धत त्यांनी छापखान्यातली आणली होती. पान दोघांनी मिळून तपासायचं. एकानं मोठ्यानं वाचायचं, स्वल्पविराम आणि पूर्णविरामसुद्धा तोंडानं म्हणायचे, आणि दुसऱ्यानं पान समोर धरून ऐकायचं. शिवाय पानावर जे घडलं म्हणून लिहिलंय, ते लिहिणाऱ्याखेरीज आणखी एकानं स्वतःच्या कानानं ऐकलेलं असावं, किंवा त्या काळी लिहून ठेवलेलं कुठंतरी सापडावं. मग पानाच्या तळाशी दोन ओळी यायच्या. 'सांगणारा', म्हणजे पान लिहिणारा, अमुक. 'ऐकणारा', म्हणजे तो दुसरा साक्षीदार, तमुक. दोन्ही ओळी भरल्या की पान पक्कं. माणसं हसली, पण फोनवर एकमेकांना पूर्णविराम म्हणून दाखवू लागली. एक दाताचे डॉक्टर तर म्हणाले, आता बायकोशी बोलतानाही तोंडून स्वल्पविराम निघतो.

सहाशे चौदांपैकी साडेपाचशे पानं अशी पक्की झाली. उरलेली होतील अशी आशा होती. फक्त सात पानं तीन आठवडे हलत नव्हती. चारशे बारा ते चारशे अठरा क्रमांकाच्या भागांची. आणि ती सातही पानं मास्तरांनी स्वतः लिहिलेली होती.

हे ते कुणाला सांगत नसत, पण जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं सरळ केलेल्या या माणसानं स्वतःचं म्हणून जे काही लिहिलं होतं ते एवढंच. दहा वर्षांपूर्वी, छापखाना सुटल्यावर, ऐन दुपारी एकट्यानं बसून. त्या सात भागांत धक्क्यावर एक कंदीलवाली येते. होडीचा कंदील दुरुस्त करायला म्हणून येते, सहा दिवस राहते, आणि सातव्या दिवशी कुणाला न सांगता निघून जाते. त्याच दिवसांत नावाड्याचा घसा बसलेला असतो. तो एक अक्षर बोलत नाही, पाटीवर खडूनं लिहून दाखवतो, आणि कंदीलवाली ते मोठ्यानं वाचते. विकीवरची सगळ्यात लाडकी पानं हीच. नावाड्याचं काम करणाऱ्या नटाला त्या आठवड्यात खरंच काय झालं होतं, यावर दोन लांबलचक चर्चा झडल्या होत्या.

आणि सगळ्यांना आवडलेल्या त्या भागांना दुसरा कान मिळत नव्हता. आपण ऐकलंय म्हणणारे पुष्कळ निघाले, पण जरा विचारलं की कळे, त्यांनी विकीवर वाचलेलं असे.

*

दुपारी बसवालीचा फोन आला. ही शहरातली बस चालवायची. चाळिशीची बाई, मालिका बंद झाल्यावर जन्मलेली. वडिलांच्या तोंडून गोष्टी ऐकून वेडी झालेली. बारा जणांत सगळ्यात जास्त पानं तिनंच तपासली होती, दोन फेऱ्यांच्या मधल्या वीस मिनिटांत, स्टिअरिंगवर कागद ठेवून.

"मास्तर, आज अकरा पानं झाली. लिहून घ्या."

"घेतली. दमलात?"

"मी कशाला दमते. माझ्या जोडीला दिलेले ते तुमचे डॉक्टर दमले. प्रत्येक पूर्णविरामाला जांभई." मागं गाडीचं इंजिन घरघरत होतं. "बरं, त्या सात पानांचं काय?"

"काही नाही अजून."

"नऊ दिवसच आहेत."

"मोजतोय मी."

मग ती आवाज खाली आणून म्हणाली, "मास्तर, एक बोलू? रागावू नका. माझे वडील रोज ऐकायचे, हे तर खरंच आहे. 'ऐकणारा' म्हणून त्यांचं नाव टाकते मी. ते काही आता नाही म्हणायला येणार नाहीत."

मास्तरांनी चष्मा काढला. चष्मा काढला की त्यांना समोरचं नीट ऐकूही येत नसे, अशी त्यांची जुनी तक्रार होती.

"त्यांनी कधी कंदीलवालीबद्दल सांगितलं होतं तुम्हाला?"

"नव्हतं. पण ऐकलंच असणार ना. एक दिवस चुकवायचे नाहीत. माझ्या गाडीत समोरच्या काचेवर तिचं वाक्य चिकटवलंय मी. 'दिवा लावायला नाही आले मी, काच पुसायला आले.' सकाळी पाच वाजता डेपोत कुणी धड बोलत नाही. ते वाचते आणि गाडी काढते. आता ते त्या संग्रहालयात जाणार नाही म्हणजे काय? नका ना असं करू. कोण विचारतंय?"

कुणीच विचारणार नव्हतं, हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. संग्रहालयातल्या बाई तळाच्या दोन ओळी बघतील, दोन्ही भरलेल्या दिसतील, पुढं जातील. आणि भाग तर खरे होते. त्यांनी स्वतः ऐकले होते. नसलेला साक्षीदार उभा करायचा होता तो खऱ्याच गोष्टीसाठी.

"उद्या सांगतो," ते म्हणाले.

"म्हणजे हो," बसवाली म्हणाली आणि फोन ठेवला.

मास्तर खुर्चीत तसेच बसून राहिले. छापखान्यात एकदा मालकांनी त्यांना एका पुस्तकावर न वाचता सही करायला सांगितलं होतं, घाई होती म्हणून. त्यांनी नकार दिला नव्हता. रात्रभर बसून पुस्तक वाचून काढलं होतं आणि सकाळी सही केली होती. नाही म्हणण्याची त्यांची हीच रीत. पण या खेपेला रात्रभर बसून वाचायला काही नव्हतं. ती पानं त्यांना तोंडपाठ होती.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बसवालीला होकार लिहायला घेतला आणि दोन शब्द टाकले, तोच हवामानवाल्यांचा फोन आला.

हे हवामानवाले ऐंशीच्या पुढचे. हवामान खात्यात कारकून होते, आणि खात्याच्या सवयीनं घरीही रोज डायरीत दोन ओळी लिहायचे. पहिली ओळ हवेची, दुसरी त्या दिवशीच्या भागाची. विकीचा अर्धा सांगाडा त्यांच्या डायऱ्यांवर उभा होता. एका वर्षाची डायरी मात्र हरवलेली होती. नेमकी चारशे बारा ते चारशे अठराची.

"सापडली," ते म्हणाले. "मुलीकडं खोक्यात होती. तिनं तिच्यावर कुंडी ठेवली होती. कड भिजलीय, पण अक्षर शाबूत आहे."

मास्तर उठून उभेच राहिले. "मग? आहे का त्यात?"

"आहे ना." चष्मा लावल्याचा, पान उलटल्याचा आवाज आला. हवामानवाले प्रत्येक गोष्ट सावकाश करत. "भाग चारशे बारा. हवा कोरडी, वारा पश्चिमेचा. नावाडी घोडेवाल्याशी भांडला. चारशे तेरा. दुपारनंतर ढग. घोडा होडीत चढेना. चारशे चौदा. हवा दमट. नावाडी घोड्याला गाणं म्हणून दाखवतो."

"गाणं?"

"तसं लिहिलंय. पुढं कंसात 'बरं म्हणाला' असंही आहे." आणखी दोन पानं उलटली. "मास्तर, इथं कंदीलवाली नाही हो. सातही दिवस घोडाच आहे."

"तारखा चुकल्या असतील."

"माझ्या?" हवामानवाले रागावले नाहीत, त्यांना नवल वाटलं. "त्या आठवड्यातलं हवामान मी खात्याच्या नोंदीशी ताडून पाहिलं. बरोबर आहे. मग मागचे पुढचे दोन-दोन महिने चाळले. कंदीलवाली कुठंच नाही. त्या अख्ख्या वर्षात नाही." मग जरा मऊ आवाजात, "तुम्ही तेव्हा केवढे होतात?"

"अकरा वर्षांचा."

"घरीच होतात?"

"नाही. डोळ्यांच्या दवाखान्यात. पट्ट्या होत्या डोळ्यांवर."

"मग रेडिओ कुठला?"

मास्तर सावकाश खुर्चीत बसले. हवामानवाल्यांनी पुन्हा विचारलं नाही. ते म्हणाले, "ठेवतो. घाई नाही."

*

त्या दवाखान्यात रेडिओला बंदी होती. मास्तरांना सगळं आठवत होतं, फक्त त्याचा हिशेब त्यांनी कधी मांडला नव्हता. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, मान हलवायची नाही, आणि पलंगाच्या लोखंडी कडेचा गारवा. सकाळी आई यायची. संध्याकाळी पाचला ताई यायची, सोळा वर्षांची, शिवणाच्या वर्गातून थेट, हाताला खडूचा आणि मशीनच्या तेलाचा वास. तो रोज तेच विचारायचा, काल काय झालं? आणि ती कालचा भाग सांगायची. तिकीटबाईचा किनरा आवाज काढायची, होडीतल्या एखाद्या म्हाताऱ्या उतारूचा काढायची. भाग त्यांनी ऐकला होता हे खरंच होतं. कुणाच्या तोंडून, एवढंच ते लिहायचं विसरले होते. पुढं पुढं तर त्यांच्या आठवणीत तिकीटबाई रेडिओतूनच बोलू लागली होती.

चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या लिखाणाशेजारी समासात 'मूळ पाहावे' असं पेन्सिलीनं लिहिणाऱ्या माणसानं आपलं मूळ एकदाही पाहिलं नव्हतं. आणि मूळ पुढच्या खोलीत बसून जुना स्वेटर उसवत होतं.

ताईनं विकी कधी उघडला नव्हता. 'तुमचं ते यंत्रावरचं भजनी मंडळ' म्हणून ती त्याला हसायची. आणि स्वतःचं लिहिलेलं तिला वाचून दाखवावं, तर मास्तरांना तेवढा धीर कधी झाला नव्हता.

ते पुढच्या खोलीत जाऊन स्टुलावर बसले. ताईनं लोकरीचा गुंडा त्यांच्या हातात दिला, आपसूक, लहानपणी द्यायची तसा.

"ताई, मी डोळ्यांच्या दवाखान्यात होतो, तेव्हा तू 'पलीकडचा काठ' सांगायचीस."

"बरं मग?"

"त्यात एक कंदीलवाली होती."

ताईचा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू लागला. "तुला अजून आठवते?"

"ती रेडिओत नव्हती."

"नव्हतीच."

ती अगदी सहज म्हणाली. बाहेर कुणीतरी जिन्यावरून सायकल उतरवत होतं, पायरीपायरीला ठक् ठक् करत.

"तू मला सांगितलं नाहीस," ते शेवटी म्हणाले.

"काय सांगायचं? आईनं रेडिओ कपाटात घालून कुलूप लावलं होतं. पोरगं डोळ्यांवर पट्ट्या बांधून पडलंय आणि घरात नाटकं ऐकायची, हे तिला बरं दिसेना. आणि तू तर मी खाटेजवळ टेकायच्या आत विचारायचास, काल काय झालं. पहिल्या दिवशी मी म्हटलं, काही नाही झालं. तर तू रडायला लागलास. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रडू द्यायचं नाही, टाके जातील."

"म्हणून तू…"

"म्हणून काय. शिवणाच्या वर्गापासून दवाखान्यापर्यंत पाऊण तास चालत यायची. येता येता जुळवायची. एकदा अर्ध्या वाटेत काहीच सुचेना, तर मी एका दिव्याच्या दुकानासमोर उभी राहिले. तिथं एक बाई काचा पुसत होती." ताईनं लोकरीची गाठ दातांनी तोडली. "तिलाच घेतली."

मास्तर गुंड्याकडं बघत होते. "आणि नावाड्याचा घसा?"

आता मात्र ताई हसली. दमलेल्या माणसासारखी, आवाज न करता. "अरे, मला त्याचा आवाज काढता येत नव्हता. तिकीटबाईचा यायचा, म्हाताऱ्या उतारूचा यायचा. नावाड्याचा तो घोगरा आवाज काढायला गेले, तर शेजारच्या खाटेवरची बाई दचकली. तू लगेच ओळखलं असतंस. म्हणून त्याचा घसाच बसवला. पाटी दिली हातात."

विकीवर या घशावर दोन चर्चा होत्या. एकीत एका निवृत्त कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी निदानसुद्धा केलं होतं. मास्तरांना हसू आलं, मग भरून आलं, आणि मग दोन्ही जाऊन नुसता थकवा उरला.

"मला वाटलं, तुला कळलं असेल कधीच," ताई म्हणाली. "एवढा हुशार. लोकांच्या चुका काढत जन्म गेला तुझा."

"नाही कळलं."

"रागावलास?"

मास्तरांनी विचार केला. राग शोधला, तो सापडला नाही. "मी ती पानं माझी म्हणून लिहिली होती, ताई. म्हणजे, नाव माझं नव्हतं टाकलं. पण मनात माझी म्हणून."

"मग घे ना. मला काय करायचीत?"

"तसं नाही करता येत."

"तुझं कधीच कुठं काही करता येत नाही," ताई म्हणाली, आणि गुंडा परत घेतला.

*

बसवालीला लिहिलेले ते दोन शब्द अजून पडद्यावर होते. मास्तरांनी ते खोडले. त्यांनी असंही करून पाहिलं, मनातल्या मनात, की हवामानवाल्यांनी डायरी स्वतःपुरती ठेवावी. नुसतं 'राहू द्या' म्हटलं असतं तरी त्यांनी ठेवली असती. मग कंदीलवाली संग्रहालयात गेली असती, आणि नावाडी त्या सात दिवसांत घोड्याला गाणं म्हणत होता हे कायमचं पुसलं गेलं असतं. कुठल्या तरी नटानं एका संध्याकाळी खरंच गायलेलं. हवामानवाल्यांच्या मते बरं.

त्यांनी सगळ्यांना मिळून एक निरोप लिहिला. या खेपेला खोडला नाही.

'भाग ४१२ ते ४१८ ची पानं मी लिहिली होती. ती चुकीची आहेत. त्या दिवसांत काय झालं ते हवामानवाल्यांच्या डायरीत आहे, त्यावरून नवी पानं आज तयार होतील. कंदीलवाली मालिकेत नव्हती. मी आजारी असताना माझ्या बहिणीनं ती गोष्ट मला सांगितली, आणि मी ती रेडिओची समजलो. दहा वर्षं आपल्या सर्वांची दिशाभूल झाली याबद्दल मी दिलगीर आहे. ती पानं काढून टाकत आहे.'

उत्तरं येऊ लागली. घशाच्या डॉक्टरांचं आलं, मनाला लागल्यासारखं. एकानं लिहिलं, मग बाकीच्या पानांचा तरी काय भरवसा. हिरव्या होडीवाला तेवढ्यात पुन्हा आला. मास्तरांनी प्रत्येकाला एकेक ओळ लिहिली. सातही पानं कागदावर छापून घेतली, आणि मग विकीवरून एकेक काढली. प्रत्येक वेळी यंत्र विचारी, नक्की काढायचं का? सात वेळा त्यांनी हो म्हटलं.

संध्याकाळी बसवालीचा फोन आला. इंजिन बंद होतं.

"काढलीत."

"काढली."

"मी वडिलांचं नाव टाकत होते ना."

"हो. मी घेणारही होतो," मास्तर म्हणाले. हे सांगायची गरज नव्हती, पण आज सांगायचाच दिवस होता.

"मग काचेवरचं काढून टाकू?"

"ते वाक्य तिनं म्हटलं होतं, हे खरं आहे," ते सावकाश म्हणाले. "माझ्या बहिणीनं. दवाखान्यात. नावाड्याला नाही, मला."

बसवालीनं विचारलं, "त्यांचं नाव घालू खाली?"

"विचारतो."

"विचारा. आणि उरलेली पानं पाठवा, बासष्ट आहेत ना? ती घोड्याची सात मी घेते. माझ्या वडिलांना गाणी आवडायची." मग जाता जाता, "डॉक्टरांना नका देऊ माझ्या जोडीला. जांभया देतात."

*

आठ दिवसांनी सगळी पानं गेली. शेवटच्या दोन दिवसांत मास्तरांनी किती पूर्णविराम ऐकले याची मोजदाद नव्हती. संग्रहालयातल्या बाईंचं पोच देणारं पत्र दोन ओळींचं होतं, आणि त्यात एक चूक होती. त्यांनी ती दुरुस्त केली नाही.

मान धरली होती. डोळे चुरचुरत होते. संध्याकाळचं ऊन पुढच्या खोलीत ताईच्या पायांपर्यंत आलं होतं, आणि घड्याळात पावणेसात व्हायला आले होते. मास्तरांनी कप्प्यातून ते सात कागद काढले आणि स्टूल ओढून तिच्यासमोर बसले.

"काय आहे?" ताई म्हणाली.

"तपासायचंय. मी वाचतो, तू ऐक. चुकलं तर थांबव."

"आता आणखी तपासायचं राहिलंय तुझं?"

"एवढंच."

त्यांनी वाचायला सुरुवात केली. स्वतःचं लिहिलेलं मोठ्यानं वाचायची ही त्यांची पहिलीच वेळ. आवाज कापला, मग पूर्णविराम म्हणता म्हणता स्थिरावला. धक्का, होडी, काळवंडलेला कंदील. तिसऱ्या परिच्छेदाला ताईनं हात वर केला.

"ती टोपली घेऊन नव्हती आली. पिशवी होती. निळी. माझी शिवणाची."

मास्तरांनी पेन्सिलीनं समासात खूण केली.

"आणि त्या पूर्णविरामांची काय कटकट लावलीयस? नीट वाच."

"तशी पद्धत आहे."

"छापखान्यात असेल. दवाखान्यात नव्हती." ती खुर्चीत मागं टेकली. डोळे मिटून घेतले. "आण इकडं. तुला नाही येत. तिकीटबाई अशी बोलते होय?"

"तुला वाचता येणार नाही, अक्षर बारीक आहे."

"वाचायचंय कुणाला," ताई म्हणाली, आणि कागद न घेताच तिकीटबाईच्या किनऱ्या आवाजात पहिलं वाक्य म्हणाली. आवाज आता चिरका होता, मध्येच धाप लागत होती. पण तीच होती.

मास्तरांनी कागद मांडीवर ठेवले. पहिल्या कागदाच्या तळाशी सवयीनं दोन ओळी छापून आल्या होत्या, दोन्ही रिकाम्या. 'सांगणारा'मधला शेवटचा काना त्यांनी खोडला, तिथं वेलांटी दिली आणि पुढं लिहिलं, 'ताई'. दुसऱ्या ओळीवर बारीक अक्षरात स्वतःचं नाव घातलं. मग त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि डोळे मिटून घेतले, म्हणजे नीट ऐकू येईल.